खानदेशची गोधडी

पौषांतली पहांट. तापीच्या खोऱ्यावर धुकें उतरलेलें, कापसाच्या शेवटच्या वेंचणीला निघालेल्या बायांच्या हातांना कंप सुटलेला, आणि धाब्याच्या घरांत चुलीजवळ निजलेलें एखादें मूल कितीहि हांका मारल्या तरी पांघरुणाबाहेर तोंड काढावयास तयार नाहीं. खानदेशचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या हिवाळ्याची ओळख मात्र ज्यानें तेथें रात्र काढली असेल त्यालाच असते. त्या मुलाच्या अंगावरचें पांघरूण दुकानांतून आणलेलें नसतें. त्यांत आजीच्या लुगड्याचा एक थर असतो, आजोबांच्या धोतराचा दुसरा असतो, आत्याच्या लहानपणच्या परकराचें एक ठिगळ असतें. सारें घरच त्या मुलावर पांघरलेलें असतें म्हणावयास हरकत नाहीं. हीच गोधडी.

खानदेशांतील कापसाला इतिहास आहे. तो सरकारी अहवालांत आहे, बाजारभावांच्या वह्यांत आहे, आगगाडीच्या पावत्यांत आहे. कापसाचें सूत झालें, सुताचें कापड झालें, येथपर्यंतची हकीकत गिरण्यांच्या दप्तरांत सांपडते. पण कापडाचें लुगडें झालें, लुगड्याचें जुनेर झालें आणि जुनेराची गोधडी झाली कीं इतिहास उंबरठ्याशीं थांबतो. उंबरठ्याच्या आंत काय घडलें हें ज्यांना ठाऊक होतें, त्यांतल्या बहुतेकींना लिहितां येत नव्हतें. त्यांनीं जी काय नोंद केली ती सुईनें केली.

गोधडीचें कुळ फार जुनें आहे. संस्कृतांत तिला कंथा म्हणत. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांतला विरक्त शंभर चिंध्यांची कंथा अंगावर घेतो, तेव्हां ती दारिद्र्याची आणि मुक्तीची खूण एकदमच होते. त्याच्याहि पूर्वींची कथा बौद्ध भिक्षूंच्या चीवराची. टाकून दिलेल्या चिंध्या वेंचून भिक्षूनें वस्त्र करावें असा जुना प्रघात होता. आणि विनयपिटकांत असें सांगितलें आहे कीं, मगध देशांतील बांधांनीं आंखलेलीं भाताचीं शेतें पाहून बुद्धानें आनंदाला तशाच आकाराचें वस्त्र जोडतां येईल काय असें विचारलें, आणि आनंदानें तें बेतून दाखविलें. अजिंठ्याचीं लेणीं खानदेशाच्या अगदीं सीमेवर आहेत. तेथें वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या अंगावर शेतांच्या नक्षीचें हेंच वस्त्र असणार. अलीकडच्या काळीं, शेजारच्या वऱ्हाडांत १८७६ सालीं जन्मलेले गाडगे महाराज ठिगळांचें वस्त्र पांघरून आणि हातांत खराटा घेऊन गांवोगांव हिंडले, तेव्हां लोकांनीं त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा अशींच नांवें दिलीं. साधूच्या अंगावर ठिगळ चढलें कीं तें पूज्य होतें; संसारी बाईच्या मांडीवर तेंच ठिगळ असलें कीं त्याला काटकसर म्हणतात. प्रस्तुत हकीकत या दुसऱ्या ठिगळाची आहे.

ही काटकसर मोठी शिस्तीची होती. नवें लुगडें सणावाराला नेसावयाचें. तें मळखाऊ झालें कीं रोजच्या कामाला. मधें विरलें कीं तेवढा भाग कापून दोन टोंकें जोडावयाचीं, त्याला दांड घालणें म्हणत. दांड घातलेलें लुगडेंहि फाटलें कीं त्यांतून मुलांचीं झबलीं आणि बाळंतिणीचीं दुपटीं निघत. जें उरे तें गोधडींत जाई, आणि गोधडींतहि न टिकणारें शेवटीं पोतेरें होई. कापडाचा जन्म वाया गेला असें कोणत्याहि पायरीवर म्हणतां येत नसे.

गोधड्या बहुधा चैत्र-वैशाखांत शिवीत. रब्बीचें पीक घरांत आलेलें, शेतांत काम नाहीं, पावसाला अवकाश आहे, आणि आखाजी तोंडावर आलेली. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशांत हा लेकींच्या माहेरपणाचा सण. झाडांना झोके बांधलेले, घरांत सासुरवाशिणींचीं गाणीं चाललेलीं. अशा वेळीं निंबाच्या सांवलींत एक धड लुगडें अंथरावयाचें आणि त्याच्या चार कोंपऱ्यांवर दगड ठेवावयाचे. त्यावर जुनेरांचे आणि धोतरांचे थर. थरांच्या मधें चिंध्या, त्याहि इतक्या सारख्या पसरलेल्या कीं कोठें उंचवटा राहूं नये. वर दुसरें लुगडें. कडा दुमडून कच्चे टाके घातले कीं मग खरा धांवदोरा सुरू होई. कोणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेतांतल्या तासांप्रमाणें सरळ ओळी घालीत, तर कोणी कडेकडेनें चौकोनांत चौकोन काढीत मध्यापर्यंत येत. चार बाजूंना चौघीजणी बसल्या कीं सुया पुढें सरकत आणि गांवांतल्या बातम्याहि पुढें सरकत. शिवण संपल्यावर नुसत्या टाक्यावरून कोणती बाजू कोणीं शिवली हें जाणत्या बाईला सांगतां येई. थोरल्या जावेचा टाका बारीक आणि एकसारखा; धाकटीचा लांब, कारण तिचें लक्ष झोक्याकडे.

या कामांतला आनंद फार साधा होता. कुठला कांठ कुठल्या कांठाशेजारीं शोभेल याचा विचार करणें, लग्नांतल्या लुगड्याचा पदर नेमका मधोमध आणणें, उरलेल्या एका हिरव्या तुकड्यासाठीं योग्य जागा सांपडणें, एवढ्यावर दुपार सुखांत जाई. ज्या बाईला संसारांत कशाचीहि निवड करण्याची मुभा नव्हती, तिला येथें रंगांची निवड करतां येत होती.

पण सुईचें काम आणि फजिती यांचें नातें फार जुनें. दोरा लांब घेतला कीं त्याचा गुंता होई; आखूड घेतला कीं घटकेघटकेला सुई ओंवून देण्यासाठीं नातवंडांना हांका माराव्या लागत, आणि नातवंडें त्या घटकेला नेमकीं चिंचेखालीं असत. खालचा थर अधिक ताणला गेला तर वरच्याला झोळ पडे, आणि चौकोनी म्हणून आरंभिलेली गोधडी शेवटीं तिरपी निघे. शेजारणीशीं बोलण्याच्या नादांत नेसत्या लुगड्याचा पदरच टाक्यांत शिवला जाई. बाई उठावयास गेली कीं तिच्याबरोबर सारी गोधडी उठे आणि अंगणांत हंशा पिके. कच्च्या रंगाचें एखादें तांबडें ठिगळ पहिल्याच धुण्याला शेजारच्या पांढऱ्या धोतराला गुलाबी करून सोडी. सर्वांत वाईट म्हणजे हरवलेली सुई. ती बहुधा गोधडीच्या पोटांतच असे; मग घरांतलीं सारीं माणसें जमिनीवर बसून कणीक तिंबावी त्याप्रमाणें ती गोधडी हातांनीं चाचपीत, आणि तरीहि न सांपडलेली सुई पुढें एखाद्या रात्रीं पाहुण्यालाच सांपडे. भिजलेली गोधडी ही तर एकटीच्या हातांत मावणारी वस्तुच नव्हे. नदीवर दोघींनीं दोन टोंकें धरून ती पिळावयाची आणि बाभळीचे कांटे चुकवीत वाळत घालावयाची. अशाच धुण्याला कधीं कधीं म्हातारीचें गुपितहि बाहेर येई. तिनें अडीअडचणीला म्हणून थरांत शिवून ठेवलेला रुपया खणखणत दगडावर पडे. रुपया कागदाचा असला तर मात्र त्याचा लगदा हातीं येई, आणि त्या दिवशीं घरांत कोणी फारसें बोलत नसे.

जुनी गोधडी विरली तरी ती टाकीत नसत. नव्या गोधडीच्या पोटांत तिलाच घालीत. म्हणून जाड गोधडी उसवली तर आंत दुसरी सांपडे, आणि क्वचित् तिच्याहि आंत तिसरी. अशा पिढ्यान् पिढ्यांच्या गोधड्या मनांत एकींत एक ठेवून उलगडल्या, तर कापसाच्या या देशाचा इतिहासच थराथरानें हातीं येतो.

अगदीं आंतला थर हातमागाचा. धरणगांवच्या कापडाचा लौकिक एवढा होता कीं, सतराव्या शतकांत इंग्रजांनीं तेथें वखार घातली. फैजपूरचे रंगारी निळ्या आणि तांबड्या रंगासाठीं नांवाजलेले होते. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें खानदेशच्या कारभाराचें ठाणें केलें, तरी बायकांच्या अंगावरचें कापड बराच काळ मागावरचेंच होतें.

दुसरा थर मात्र समुद्रापलीकडचा. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. उत्तरेकडील आरमारानें दक्षिणेकडील बंदरें अडविलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हां इंग्लंडचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले, आणि खानदेशच्या काळ्या जमिनींतल्या बोंडाला कधीं नव्हता असा भाव आला. त्याच दशकांत आगगाडी खानदेशांतून भुसावळकडे गेली. जळगांव हें तोंवर लहानसें गांव; तें पाहतां पाहतां कापसाची मोठी पेठ झालें. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले आणि व्यापाऱ्यांचीं दिवाळीं निघालीं. पण पेठ राहिली. या उलाढालींत शेतकऱ्याच्या घरीं नवीन आलें तें विलायती कापड. आपल्याच शेतांतला कापूस सातासमुद्रांपलीकडे जाऊन, कापड होऊन परत आला, आणि फाटल्यावर गोधडींत जाऊन बसला.

तिसरा थर देशी गिरण्यांचा. जळगांवला मुळजी जेठा यांची गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमळनेरला प्रताप शेठ यांनीं गिरणी काढली. १९०६ सालीं जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले; पुढें त्यांनाच जळगांव आणि धुळें हीं नांवें मिळालीं, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निराळें झालें. नकाशावर रेघ पडली. धोतर आणि लुगडें दोन्हीकडे त्याच गिरण्यांचें होतें.

चौथा थर खादीचा. १९३६ सालच्या डिसेंबरांत फैजपूर येथें राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनीं बांबूंनीं आणि गांवच्या साध्या वस्तूंनीं नगर सजविलें, आणि खादी-ग्रामोद्योगाचें प्रदर्शन गांधीजींनीं उघडलें. त्या जाड्याभरड्या कापडाची गोधडी जड होई, पण उबेला तिची बरोबरी नव्हती.

मग पांचवा थर टंचाईचा. दुसऱ्या महायुद्धांत कापडाचे भाव इतके चढले कीं १९४३ सालीं सरकारला सूत आणि कापड यांवर नियंत्रण घालावें लागलें. नियंत्रित कापडासाठीं रांगा लागल्या. त्या वर्षांत जुनेरालाच नव्याची किंमत आली. दांडावर दांड पडले आणि गोधडीच्या वांट्याला उरल्या त्या खरोखरीच्या चिंध्या. त्या गोधड्यांतील ठिगळें हाताच्या पंजाहून मोठीं नव्हतीं, आणि तीं जितकीं लहान तितके टाके अधिक.

एवढा हा इतिहास; पण तो वाचावयास आज एकहि जुनी गोधडी घरांत सांपडणें कठीण. गोधडी वापरली जाते, धुतली जाते, विरते आणि नाहींशी होते. नाहींसें होणें हाच तिचा धर्म आहे. म्हणून प्रश्न उरतो तो टिपून घेणाराचा.

या बाबतींत खानदेशाचें भाग्य मोठें आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं माळ्यांवरचीं, कोनाड्यांतलीं, वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधावयास निघालेलीं कागदपत्रें वेंचून मराठ्यांचा इतिहास उभा केला. १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं त्यांनीं धुळ्यास देह ठेवला, आणि त्यांच्या संशोधनाचा वारसा सांभाळण्यासाठीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ निघालें. त्याच धुळ्यांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें जमवून जतन केलीं. याच शहराच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबा दर रविवारीं गीतेवर बोलत. साने गुरुजींनीं तीं प्रवचनें तेथल्या तेथें उतरून घेतलीं म्हणून तीं आज आहेत. आणि जळगांवजवळच्या असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची, गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १८८० सालीं जन्मलेल्या या बाईंना लिहितां-वाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत, चुलीपुढें त्यांच्या तोंडून गाणीं निघत; घरच्या मुलांनीं, त्यांच्या पुत्रानें म्हणजे कवि सोपानदेवांनीं, तीं टिपून ठेवलीं. १९५१ च्या डिसेंबरांत त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं गाणीं छापून निघालीं. वही हातीं घेणारें कोणी नसतें तर महाराष्ट्राला त्यांचें नांवहि कळलें नसतें.

कागद टिकला, कारण कोणी तो वेंचला. बोल टिकले, कारण कोणी ते उतरले. दप्तरें ज्या कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलीं तो रुमालहि दप्तराच्या कृपेनें टिकला. मात्र त्याच वाड्याच्या माजघरांत एकीवर एक रचलेल्या गोधड्यांकडे संशोधकाची दृष्टि सहसा गेली नाहीं. त्यांत दोष कोणाचाच नाहीं. रोज पायांशीं असलेली वस्तु इतिहासाचें साधन असेल अशी शंकाच कोणास येत नाहीं.

१९६० नंतरच्या काळांत नायलॉन, टेरिलीन आणि पुढें पॉलिएस्टर खेड्यांत पोंचलें, तेव्हां गोधडीच्या मुळावरच घाव बसला. नऊवारी सुती लुगडें जाऊन गोल साडी आली, आणि ती साडी लवकर फाटेना. फाटत नाहीं तर गोधडी कशाची करावयाची? केलीच तर थर एकमेकांवरून घसरतात, घाम टिपला जात नाहीं, आणि ऊब येते ती कोंडल्यासारखी. एवढ्यांत यंत्रावरचीं स्वस्त ब्लँकेटें बाजारांत आलीं. जळगांवची ती जुनी गिरणी आज उभी नाहीं; अंगणांतले चार दगडहि बहुतेक ठिकाणीं उचलले गेले.

तरीहि सुई अगदींच थांबलेली नाहीं. शहरांतून हौस म्हणून गोधडी शिवणाऱ्या स्त्रिया आज पुष्कळ आहेत. बाळाच्या बारशासाठीं गोधडी मुद्दाम शिवून घेण्याची रीतिहि टिकून आहे. २०१३ सालीं गीता खंडेलवाल यांचें महाराष्ट्रांतील गोधड्यांवर एक स्वतंत्र पुस्तक निघालें. बंगालनें आपल्या कांथेचें मोल याच्या पुष्कळ आधीं ओळखलें होतें. जसीमुद्दीन या कवीनें १९२९ सालींच तिच्यावर एक कथाकाव्य रचलें. परंतु सर्वांत बोलका दाखला समुद्रापलीकडचा आहे. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत नदीच्या वळणावर गीज बेंड नांवाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज त्या मळ्यांत गुलाम म्हणून कापूस वेंचीत. मुक्ततेनंतरहि गरिबी सुटली नाहीं. तेथल्या बायका शेतांत झिजलेल्या विजारी आणि सदरे जोडून गोधड्या शिवीत राहिल्या. १९६६ सालीं त्या परिसरांतल्या बायकांनीं आपली सहकारी संस्था काढली, आणि २००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत गीज बेंडच्या गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या. ज्या युद्धानें खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव दिला, त्याच युद्धानें या बायकांच्या पणज्यांच्या बेड्या तोडल्या होत्या. दोन्ही देशांतला कापूस एकाच बाजारांत तोलला गेला. दोन्ही देशांतल्या कापूस वेंचणाऱ्या हातांना शेवटीं उबेसाठीं चिंध्याच जोडाव्या लागल्या.

खानदेशची गोधडी भिंतीवर टांगली जावी असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. पेटींत जपून ठेवलेल्या गोधडीला कसर लागते किंवा उंदीर लागतात. अंगावरची गोधडी निदान माणसाच्या उपयोगी पडून संपते. जपावयाचें आहे तें कापड नव्हे, कापडाची ओळख. हा कांठ कोणाच्या लुगड्याचा, हें धोतर कोणत्या सालचें, हा लांब टाका कोणाचा, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच ती गोधडी बखर असते; तें माणूस गेलें कीं ती नुसती पांघरुणाची वस्तु होते. राजवाड्यांना वाण्याच्या रद्दीपर्यंत पायपीट करावी लागली. येथें तर एका दुपारीं आजीजवळ वही घेऊन बसलें तरी पुरे.

थंडीच्या रात्रीं झोंप येत नसली कीं गोधडींतलें मूल एकेका ठिगळावर बोट ठेवतें आणि विचारतें, हें कोणाचें? आजी सांगते. मूल पुढच्या ठिगळावर बोट नेतें. तें झोंपीं जाईपर्यंत निम्मीच गोधडी वाचून होते. उरलेली दुसऱ्या रात्रीं.